भट्टीशिवाय वीट

हे खोदकाम दिसतंय ना, ते पायाचं आहे. एरवी ही माती ट्रकमध्ये भरून कुठंतरी टाकून देतात आणि भिंतीसाठी लांबून विटा मागवतात. इथं तसं नाही, याच मातीची भिंत होणारे.

वरचा थर मात्र बाजूला काढलाय, त्यात मुळं, पालापाचोळा असतो, ती माती बागेला. खालची घ्यायची, पण आधी तपासून. बाटलीत माती, वर पाणी, जोरात हलवलं आणि ठेवून दिलं. बघा, वाळू लगेच तळाला बसली, तिच्यावर गाळ, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, तिला बसायला बराच वेळ लागतो. थरांवरून अंदाज येतो काय किती आहे ते. चिकणमाती जास्त असली की वीट वाळताना तडकते, मग वाळू मिसळायची.

मग चाळायचं, आणि सिमेंट साधारण 5 ते 8 टक्के, बास. आधी कोरडंच कालवायचं, पाणी नंतर आणि तेही जपून. आता हा हात नीट बघा. मुठीत गोळा केला, खांद्याच्या उंचीवरून सोडला. चार-पाच तुकडे झाले म्हणजे पाणी बरोबर, भुगा झाला तर कमी, नुसता चपटा झाला तर जास्त. एवढ्या साध्या गोष्टीवर विटेची ताकद ठरते आणि लोक म्हणतात मातीचं काम म्हणजे अडाणी काम!

हे हातानं चालवायचं प्रेस. 1950 च्या दशकात राउल रामिरेझ या इंजिनियरनं कोलंबियात 'सिनव्हा-रॅम' नावाचं असं मशीन बनवलं, तिथून ते बऱ्याच देशांत गेलं. साच्यात माती भरली, झाकण लावलं, लांब दांडा जोर लावून खाली ओढला, आणि ही निघाली वीट, कडा बघा किती धारदार आहेत. नेहमीच्या विटेला भट्टीत 900-1000 डिग्री तापमान लागतं, त्यासाठी कोळसा नाहीतर लाकूड जळतं, इथं आगीचं कामच नाही.

लगेच वापरायची नाही हां. झाकून, ओल टिकवून 28 दिवस ठेवायची, घाई केली की सगळी मेहनत वाया.

सिमेंट कमी, जाळणं शून्य, ट्रकच्या फेऱ्या कमी, म्हणजे कार्बनही तेवढा कमी. आणि भिंतीला गिलावा केलेला नाही, मातीचा हा रंग झाकायचा कशाला? फक्त जोतं उंच घेतलंय आणि छप्पर भिंतीच्या बरंच पुढं काढलंय, कारण पावसाचा थेट मारा या विटेला सोसत नाही.