सकाळची पहिली बिडी

मघाशी मागच्या रांगेतल्या काकांनी विचारलं, "चाळीस वर्षं ओढतोय, आता सोडून काय मिळणार?" आधी त्यांनाच उत्तर देतो. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षं तिथल्या डॉक्टरांच्याच सवयींचा अभ्यास केला. साठीत सिगारेट सोडणाऱ्यांना ओढत राहिलेल्यांपेक्षा सरासरी ३ वर्षं जास्त मिळाली. पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६, चाळिशीत सोडणाऱ्यांना ९. काका, तीन वर्षांत नातू बालवाडीतून दुसरीत जातो.

तो अभ्यास सिगारेटचा होता. बिडी लहान, म्हणून हलकी, असं आपण समजतो, तसं नाही. तेंदूचं पान कागदासारखं जळत राहत नाही, बिडी सारखी विझते. ती विझू नये म्हणून माणूस जोरात आणि पुन्हापुन्हा झुरके घेतो, त्याबरोबर धूर आत जातो.

सोडायचं म्हटलं की आपल्याकडे देवापुढे शपथ घेतात. शपथेचा मला आदर आहे. पण शपथ मोडली की माणूस मनातून खचतो, दुप्पट ओढतो आणि पुन्हा तो विषय काढत नाही. म्हणून मी शपथ मागत नाही. एवढंच विचारतो: उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने? अर्ध्या तासाच्या आत असेल, तर रात्रभरात शरीरातलं निकोटीन उतरलेलं असतं आणि शरीरच ते मागत असतं. मनाच्या दुबळेपणाशी त्याचा संबंध नाही.

"बिडीशिवाय पोट साफ होत नाही," हे तर रोज ऐकतो. ते खोटं नाही. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होते. भरपूर पाणी, पालेभाजी, सकाळी थोडं चालणं, एवढ्याने बहुतेकांचं निभतं. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, अपुरी झोप तीन-चार आठवडे टिकू शकते. घरच्यांनो, त्या दिवसांत "ओढत होतात तेच बरं होतं" असं कृपा करून म्हणू नका. त्या एका वाक्याने माणूस परत टपरीवर गेलेला मी पाहिलाय.

तलफ येते ती काही मिनिटांची. तेवढ्यात जागा सोडा. चहा झाला की कट्ट्यावर रेंगाळू नका. निकोटीनचा गम डॉक्टरांना विचारून घ्या, पण तो साध्या गमसारखा चघळू नका: हळू चावा, जिभेला तिखट लागला की गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं चहा नको. भराभर चावून उचकी लागते, मळमळतं, आणि लोक गमलाच दोष देतात.

आणि बिडी सोडून चुन्याची डबी हातात घेऊ नका. मळलेल्या तंबाखूतही तेच निकोटीन आहे.

काका, उद्या दिवसभर बिडी बंद करू नका. फक्त प्रत्येक बिडीची वेळ कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन सोमवारी या.