स्वस्त झाकू, महाग गंडम

हा व्हिडिओ गेम १९८७ सालचा. नाव 'एसडी गंडम वर्ल्ड: गाचापोन सेन्शी – स्क्रॅम्बल वॉर्स'. बान्दाई या जपानी खेळणी कंपनीनं तो निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राला जोडायच्या डिस्क सिस्टीमसाठी आणला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून जी यंत्रं घरोघरी आली, त्यातली बरीचशी याच फॅमिकॉमची नक्कल होती. मात्र हा खेळ कॅसेटवर नव्हता, पिवळ्या डिस्क कार्डावर होता. जपानमधल्या दुकानात ५०० येन मोजले की जुन्याच डिस्कवर नवा खेळ उतरवून मिळे.

आता चाल बघा. समोर युद्धाचा नकाशा, दोन्ही बाजू आळीपाळीनं खेळतात. शहर ताब्यात घेतलं की पैसा येतो आणि त्या पैशातून यंत्रमानव बांधायचे. झाकू नावाचा यंत्रमानव स्वस्त, गंडम नावाचा महाग. इथपर्यंत सगळा हिशेबाचा मामला.

पण शत्रूशी गाठ पडली की नकाशा बाजूला होतो. समोर मोकळं मैदान, त्यात फक्त दोन यंत्रमानव, आणि आपला आपणच चालवायचा. पळायचं, आडोसा धरायचा, नेम साधायचा. कागदावर गंडमच भारी. पण झाकू चालवणाऱ्याचा हात तयार असेल, तर तो गंडमलाही लोळवतो. काटकसर करून उभारलेलं यंत्र असं डोळ्यांदेखत जातं, आणि तेही आपल्याच हातून. फॅमिकॉमचे दोन्ही कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले आणि त्यांच्या वायरी आखूड. त्यामुळे हरवणारा अगदी खांद्याला खांदा लावून बसलेला असायचा.

हे सगळं, ज्या कार्टून मालिकेवर हा खेळ बेतला, त्या मूळ मालिकेत मुरलेलं आहे. योशियुकी तोमिनो यांची 'मोबाइल सूट गंडम' एप्रिल १९७९ मध्ये जपानी टीव्हीवर सुरू झाली. तोवरच्या मालिकांमधला महाकाय यंत्रमानव म्हणजे बहुतेकदा एकटा तारणहार. तोमिनोंनी त्याला युद्धसामग्री केलं. झाकू कारखान्यातून घाऊक बाहेर पडतात, त्यांचा दारूगोळा संपतो, ते मोडतात आणि त्यांच्या जागी दुसरे येतात. खेळणी खपेनात म्हणून मालिका ४३ भागांतच आवरती घ्यावी लागली. नशीब फिरलं ते नंतर. जुलै १९८०मध्ये बान्दाईनं ३०० येनांचं जोडायचं मॉडेल काढलं आणि त्याच्यावर मुलांच्या उड्या पडल्या. पुढे १९८५पासून नाणं टाकून मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये मोठ्या डोक्याचे, आखूड पायांचे छोटे गंडम येऊ लागले. या खेळातले सैनिक तेच.

या खेळाच्या आधीच्याच वर्षी, १९८६मध्ये, बान्दाईनं फॅमिकॉमवर 'झेटा गंडम: हॉट स्क्रॅम्बल' आणला होता. त्यात एका यंत्रमानवात बसून समोर येईल त्याला उडवायचं, बस्स. ते दिसायला जास्त गंभीर, पण युद्ध मला या गुटगुटीत सैनिकांच्या खेळातच दिसतं. इथे हुकूम देणारा आणि तो निभावणारा एकच. कमकुवत झाकूला गंडमच्या अंगावर पाठवायचं ठरवलं, की पुढच्याच क्षणी त्या झाकूत आपल्यालाच बसावं लागतं. निव्वळ चालींच्या खेळात ही टोचणी नाही, निव्वळ गोळीबाराच्या खेळातही नाही.

१९८९ साली पुढचा भाग 'कॅप्सूल सेन्की' कॅसेटवर आला. २००५मध्ये निन्टेंडोच्याच गेमक्यूब यंत्रावर 'गाशापोन वॉर्स' निघाला, तेव्हा चित्रं त्रिमितीय झाली होती. नकाशावरची चाल आणि मैदानातली झुंज मात्र बान्दाईनं तशीच ठेवली.