माशांच्या पेशीतील आगंतुक गुणसूत्रे

नमस्कार श्रोतेहो. आपल्या भागातील तळ्यांत आणि जलाशयांत वाढवले जाणारे रोहू, कटला आणि मृगळ हे मासे दिसायला निराळे असले, तरी त्यांच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या एकच आहे, ती म्हणजे 50. सायप्रिनस आणि खडस यांच्यात ती 100 भरते, कारण त्यांच्या पूर्वजांत फार पूर्वी सगळा संचच दुप्पट झाला. आजचा विषय मात्र ही दुप्पट नव्हे. एकाच जातीच्या काही माशांत असणाऱ्या, काहींत मुळीच नसणाऱ्या, आणि नेहमीच्या संचातील कोणाशीही जोडी न जमवणाऱ्या जादा गुणसूत्रांविषयी मी बोलणार आहे. शास्त्रज्ञ त्यांना बी गुणसूत्रे म्हणतात.

अशी जादा गुणसूत्रे प्रथम एडमंड विल्सन यांनी 1907 मध्ये एका ढेकूणवर्गीय किड्यात नोंदवली. बी हे नाव मात्र 1928 मध्ये रँडॉल्फ यांनी मक्यावर काम करताना दिले. मका आपल्या शिवारात सगळीकडे आहे, त्याची नेहमीची गुणसूत्रे 20, आणि काही वाणांत त्यावर ही आगंतुक मंडळी आढळतात. थोडी असली तर झाडाला फारसे काही होत नाही. फार झाली की बीजधारणा घटते.

माशात ती मोजायची कशी, हेही ऐकण्यासारखे आहे. माशाला कोल्चिसीन टोचले, की विभागणाऱ्या पेशी ऐन मध्यावर, गुणसूत्रे आखूड आणि जाड झालेली असताना थांबतात; मग मूत्रपिंडातील पेशी काचेवर पसरून रंगवल्या, की गुणसूत्रे एकेक करून मोजता येतात. पावसाळ्यात खानापूरच्या रानात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच कोल्चिसीन असते, आणि ती वनस्पती विषारी ठरते तीही त्याच्यामुळेच.

आता मूळ प्रश्न असा, की ज्याच्यावाचून माशाचे काहीही अडत नाही, ते गुणसूत्र पिढ्यान् पिढ्या टिकते कसे? नेहमीच्या गुणसूत्राला पुढच्या पिढीत जाण्याची संधी निम्मी असते, आणि जोडी नसलेले गुणसूत्र विभाजनात सहज हरवू शकते. पण मादीच्या बीजांडाची घडण पाहिली, तर चोरवाट दिसते. तेथे विभाजनातून अंडे एकच तयार होते, आणि बाकीचा वाटा ध्रुवपिंडांत, म्हणजे अंडे न होणाऱ्या बारीक पेशींत, जाऊन वाया जातो. उताऱ्यावर नाव नसताना वाटणीच्या दिवशी नेमका पाण्याखालच्या जमिनीच्या बाजूला जाऊन बसणाऱ्या भाऊबंदाप्रमाणे, काही बी गुणसूत्रे अंड्याच्या बाजूला सरकतात. माशाला लाभ होवो वा न होवो, त्यांचा वंश चालतो. म्हणूनच त्यांना स्वार्थी म्हटले जाते, आणि माझ्या मते हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नाही.

ब्राझीलमधील मोगी ग्वासू नदीत प्रोचिलोडस लिनिएटस नावाचा मासा आहे. आपण ज्यांना चढणीचे मासे म्हणतो, त्यांच्यासारखाच तो विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर जातो. त्याची नेहमीची गुणसूत्रे 54, आणि त्यावर अगदी बारीक अशी नऊपर्यंत जादा गुणसूत्रे सापडली. 1980 च्या आसपास एकाच माशाच्या निरनिराळ्या पेशींत त्यांची संख्या निरनिराळी भरत असे. नंतरच्या काही वर्षांत घेतलेल्या नमुन्यांत ती बरीच स्थिर झालेली दिसली. उत्क्रांतीचा एवढा बदल एका माणसाच्या नोकरीच्या काळात डोळ्यांदेखत व्हावा, ही गोष्ट विरळाच.

ती येतात कोठून, याचे उत्तर प्रत्येक माशात वेगळे आहे. ब्राझीलच्याच अस्टियानॅक्स स्कॅब्रिपिनिस माशात आगंतुक गुणसूत्र संचातील सर्वांत मोठ्या जोडीएवढे असते, आणि त्याच्या दोन्ही भुजा, म्हणजे मधल्या सांध्याच्या दोन बाजू, एकमेकींच्या प्रती असतात. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातील अस्टाटोटिलापिया लॅटिफॅसिएटा या माशाच्या बी गुणसूत्राचा तपशील 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात जवळजवळ प्रत्येक नेहमीच्या गुणसूत्राचे तुकडे निघाले. बहुतेक तुकडे मोडके होते. पण जी थोडी जनुके बरीचशी शाबूत होती, त्यांत पेशीविभाजनाच्या यंत्रणेशी संबंधित जनुके होती. ज्या यंत्रणेला चकवून टिकायचे, तिचेच सुटे भाग जवळ असावेत, हा केवळ योगायोग मानणे मला जड जाते.

याहून पुढचे पाऊल मलावी सरोवरातील सिक्लिड माशांनी दाखवले. तेथे अनेक जातींत बी गुणसूत्र फक्त मादीत आणि एकच असते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते निम्म्याऐवजी सरासरी 70 टक्के पिलांत पोहोचताना आढळले, आणि त्यावर मादी घडवणारा घटकही असल्याचे दिसले. हा घटक नर ठरवणाऱ्या नेहमीच्या गुणसूत्रावरही मात करतो. हिशेब सरळ आहे. मादीतच आपली चोरवाट चालते, नरात एका विभाजनातून चार शुक्रपेशी तयार होत असल्याने ती चालत नाही. तेव्हा ज्या पिलात आपण जाऊ, ते मादी झालेलेच बरे.

मेक्सिकोतील पाचोन गुहेत राहणाऱ्या आंधळ्या अस्टियानॅक्स माशांत मात्र नेमके उलटे आढळते. त्यांच्यात बी गुणसूत्रे प्रामुख्याने नरांत असतात. 2021 मध्ये संशोधकांना त्या गुणसूत्रावर जीडीएफ-सहा-बी या जनुकाच्या दोन प्रती मिळाल्या, आणि बी गुणसूत्र असलेल्या माशांत हे जनुक निकामी करताच नर व्हायचे ते मासे मादी झाले. संचाबाहेरचे, गरज नसलेले म्हणून ओळखले जाणारे गुणसूत्र त्या गुहेत आता नर कोण होणार हे ठरवते.