सतारमेकर गल्लीतला ओटा

श्रोतेहो, नमस्कार. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर सतारमेकर गल्ली आहे. तिथं दुकान नजरेआधी कानाला सापडतं. कुणीतरी कानस घासत असतं, मधेच एक तार छेडतं, पुन्हा घासतं.

या दुकानदारांचे पूर्वज शिकलगार. तलवारी, भाले यांना धार लावणारी ही माणसं. इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम उतरलं आणि साधारण १८५०च्या सुमाराला फरीदसाहेबांनी तंबोरे, सतारी दुरुस्त करायला घेतल्या. दुरुस्ती करता करता नवी वाद्यं घडू लागली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गावात गाणारे होते. गायक विष्णु दिगंबर पलुसकर इथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. पुढं किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे. असं गिऱ्हाईक दारात आल्यावर कारागिराला कान तयार करावाच लागतो.

माझी या गल्लीशी ओळख झाली ती माझ्याच धांदरटपणामुळं. कॉलेजात असताना पावसात एसटीतून उतरताना तंबोऱ्याचा भोपळा पायरीवर आपटला. बोट जाईल एवढी चीर. रडवेली होऊन एका दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हाताऱ्या चाचांनी भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला, म्हणाले, "मंगळवेढ्याकडचा दिसतो. मरत नाही हा. चहा घ्या ताई." चीर त्यांनी सरस आणि लाकडाच्या भुश्श्यानं भरली, वर लाखेचं पॉलिश चढवलं. आता ती शोधावी लागते.

खरी गंमत जवारीची. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा अगदी किंचित उतरता घासायचा. तार तिथं टेकल्या न टेकल्यासारखी हवी, तरच तो गुंजणारा झंकार येतो. केसभर जास्त घासलं की आवाज बसला. यासाठी माप नाही, फूटपट्टी नाही. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत नेमकी जागा शोधायची. चाचा एका घोडीसाठी अख्खी दुपार घालवायचे, आणि त्या वेळात कुणी भाव विचारला तर उत्तरच द्यायचे नाहीत. धंद्याच्या दृष्टीनं हे वाईटच म्हणायचं!

आता दुकानात त्यांचा मुलगा बसतो. दर्शनी बाजूला गिटारी टांगल्यात, काचेच्या कपाटात इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या पेट्या. मी जरा नाक मुरडलं, तर तो हसून म्हणाला, "ताई, दिवाबत्ती यांच्यावर चालते." खरं आहे. फोनवरचा तानपुरा फुकट वाजतो, तर शिकाऊ मुलीचा बाप हजारो रुपये कशाला मोजेल? तरी मागं, अंधाऱ्या खोलीत, वाळलेले भोपळे अजून छताला टांगलेले आहेत आणि तूणाच्या लाकडाच्या दांड्या भिंतीला टेकलेल्या. परदेशात जाणाऱ्या वाद्यांची लाकडी खोकी तिथंच ठोकली जातात. गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर जवारी ऐकतं आणि तिकडून "थोडी अजून उघडा" म्हणतं. मला हे अजून पटत नाही, पण पैसे वेळेवर येतात म्हणे.

२०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा, दोघांना भौगोलिक मानांकन मिळालं. मी अभिनंदन केलं. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "घोडी घासायला बसणारा एखादा पोरगा आहे का ओळखीत? दोन वर्षं नुसतं ऐकायची तयारी पाहिजे." माझ्या ओळखीत नाही. तुमच्या असला तर गल्लीत कुणालाही विचारा.

माझा तंबोरा सध्या त्याच ओट्यावर आहे. शनिवारी या म्हणालाय. त्यांचा शनिवार वडिलांच्या वेळेपासून सोमवारी उजाडतो, तेव्हा मी आपली मंगळवारी जाईन. नमस्कार.