कंपनीचा मालक मोलिएर

संशयकल्लोळ ज्यांनी पाहिलंय त्यांना तो फोटो आठवत असेलच. भर रस्त्यात रेवतीला चक्कर येते, तिच्याकडचा अश्विनशेठचा फोटो खाली पडतो, फाल्गुनराव तिला सावरायला धावतो आणि हे नेमकं त्याच्या बायकोच्या नजरेस पडतं. मग काय, शेवटच्या पडद्यापर्यंत नुसता संशय. पण हा फोटो मूळचा इथला नाही बरं का. देवलांनी १८९३ मध्ये हे नाटक पहिल्यांदा ‘फाल्गुनराव’ म्हणून आणलं ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून, आणि मर्फीने मूळ कल्पना उचललेली एका फ्रेंच प्रहसनातून, ‘स्गानारेल’, साल १६६०, तिथे फोटोच्या जागी हातात मावणारी रंगवलेली तसबीर होती. तर आज त्या तसबिरीच्या मूळ मालकाची गोष्ट. मोलिएर.

मालक हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कारण आपण त्याला नाटककार म्हणून ओळखतो पण तो आधी कंपनीचा मालक होता, नट होता, तालीम घेणारा होता, आणि लिहायला लागला तो बराचसा कंपनीला खेळ हवा म्हणून.

खरं नाव झाँ-बातिस्त पोक्लँ, जन्म पॅरिसचा, १६२२. वडील राजाच्या पदरी, राजवाड्यातल्या गाद्या, पडदे, सामानसुमान बघायचं काम, आणि ते पद पुढे पोरालाच मिळणार हे ठरलेलं. म्हणजे एकदम पक्की नोकरी. पोराने काय करावं, तर २१ व्या वर्षी ते सोडून मादलेन बेजार ह्या नटीसोबत नाटक कंपनी काढली. नाव काय ठेवलं माहितीये, ‘इल्युस्त्र थिएत्र’, म्हणजे नामवंत नाट्यमंडळी! अजून एक प्रयोग नाही आणि नामवंत. दोन वर्षांत कंपनी बुडाली, तेव्हा स्टेजवर उजेड मेणबत्त्यांचा असायचा, त्या मेणबत्तीवाल्याची उधारी थकली आणि १६४५ मध्ये मालक कर्जापायी तुरुंगात.

सुटल्यावर पॅरिस सोडलं ते तब्बल १३ वर्षं. गावोगाव बिऱ्हाड घेऊन हिंडणं, आज लियाँ, उद्या आणखी दक्षिणेला, कोणी सरदार खूश झाला की चार महिने बरे जायचे, मग तो सरदार अचानक धार्मिक होऊन नाटकवाल्यांना हाकलून द्यायचा (हे खरंच झालंय, काँतीच्या प्रिन्सने असंच केलं). पण ह्याच वणवणीत त्याला कळलं असणार की लोक नेमके कुठे हसतात.

१६५८ चा ऑक्टोबर. लुव्र राजवाडा, समोर २० वर्षांचा चौदावा लुई. कंपनीने कॉर्नेय ह्या नाटककाराची शोकांतिका लावली, दरबार काही फारसा हलला नाही. मग मोलिएर पुढे आला, राजाची परवानगी मागितली आणि गावोगाव केलेलं एक छोटं प्रहसन करून दाखवलं. राजा हसला. राजवाड्याला लागूनच असलेलं नाट्यगृह मिळालं, तेही एका इटालियन कंपनीबरोबर वाटून, चांगले वार त्यांचे आणि उरलेले ह्यांचे.

गंमत अशी की ह्या माणसाला आयुष्यभर गंभीर नटच व्हायचं होतं. १६६१ मध्ये त्याने ‘दों गार्सी’ नावाचं गंभीर नाटक लिहून स्वतः तोंडाला रंग लावला, ७ प्रयोगांत नाटक पडलं. मला वाटतं हे पडलं ते बरंच झालं, पण त्याला तेव्हा कोण सांगणार.

आणि लिहायचा कसा ते बघा. हाताशी जी माणसं आहेत त्यांच्या अंगावर बेतून. कंपनीतला लुई बेजार पायाने लंगडा, तर ‘कंजूष’ नाटकात नोकराला सरळ ‘लंगडा कुत्रा’ म्हणून शिवी घातली, म्हणजे बेजारचं लंगडणं भूमिकेचंच झालं. स्वतःला खोकला सुटायचा, तर कंजूष म्हाताऱ्यालाच खोकला दिला, वर एक बाई त्याला सांगते की तुम्हाला खोकणं किती शोभून दिसतं! १६६८ मध्ये पॅरिसला हे नाटक विशेष चाललं नाही. आपल्याकडे मात्र अत्र्यांनी त्याच्यावरून ‘कवडीचुंबक’ केलं. त्याच्याही कितीतरी आधी ह. ना. आपट्यांनी मोलिएरच्या जबरदस्तीने डॉक्टर झालेल्या लाकूडतोड्याचं ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ करून टाकलं होतं. काय नाव आहे राव.

आता ‘तार्त्युफ’. घरात एक भोंदू शिरतो, जपमाळ आणि उपासतापासाचं नाटक करतो, घरचा यजमान त्याच्या इतका नादी लागतो की घरदार लिहून देतो, आणि शेवटी बायकोला नवऱ्याला टेबलाखाली लपवून ऐकवावं लागतं की बघ तुझा संत माझ्याशी काय बोलतोय. मे १६६४ मध्ये व्हर्सायला प्रयोग झाला. राजाला आवडलं तरी लगेच बंदी आली, एका पाद्रीने तर लेखकाला जाळा म्हणून छापलं. १६६७ मध्ये नाव बदलून, जरा सौम्य करून पुन्हा आणलं, राजा तेव्हा फ्लांडर्सच्या लढाईवर, एका प्रयोगात न्यायाधीशाने बंद पाडलं आणि आर्चबिशपने जाहीर केलं की हे नुसतं वाचलंत तरी धर्माबाहेर. पाच वर्षं हा माणूस अर्ज लिहीत राहिला. फेब्रुवारी १६६९ मध्ये एकदाची परवानगी मिळाली आणि लोकांनी अशी गर्दी केली की कंपनीचा गल्ला भरून वाहिला.

१६७३. छातीचं दुखणं वाढलेलं आणि नाटक कुठलं, तर ‘मनाने आजारी’, ज्यात खऱ्या आजारी माणसाने धडधाकट असून स्वतःला आजारी समजणाऱ्याचं काम करायचं. १७ फेब्रुवारीला चौथा प्रयोग. पुढे आलेल्या चरित्रात लिहिलंय की बायको, मित्र सगळे म्हणाले आज नको, तर हा म्हणाला पन्नास गरीब कामगार रोजावर आहेत, त्यांनी काय खायचं. शेवटच्या प्रवेशात झटका आला, तो त्याने हसून झाकला, प्रयोग पूर्ण केला आणि रात्री दहाच्या सुमारास घरी त्याने प्राण सोडला. दोन पाद्री यायला तयार झाले नाहीत, तिसरा आला तेव्हा उशीर झालेला. नटाला चर्चच्या जमिनीत जागा नाही, म्हणून बायको आर्मांद थेट राजाकडे गेली, मग रात्रीच्या अंधारात पुरायची परवानगी मिळाली.

कंपनीतला नट ला ग्रांज रोजचा हिशोब लिहायचा. त्याच वहीत, त्या दिवसाच्या गल्ल्याखाली, त्याने मालकाच्या मृत्यूची नोंद केली. २४ तारखेला नाट्यगृह पुन्हा उघडलं. आणि ३ मार्चला ‘मनाने आजारी’ परत लागलं, मोलिएरच्या भूमिकेत ला तोरिलियेर.