आधी तोंडात, मग बोटांत

श्रोतेहो, नमस्कार.

बॅगपाइपवर नवी चाल बसवायची म्हटलं की माणूस आधी पिशवी काखेत मारतो. ती राहू द्या बाजूला. चाल आधी तोंडात, मग बोटांत! स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले जुने वादक असेच शिकले. गुरू गायचा, शिष्य मागे गायचा. आपल्याकडे तबल्याचे बोल पढंत करून घेतात ना, तसं. त्या बोलांना म्हणतात काउन्तरख. हिहारिन, होद्रो... असे बोल.

यावरून एक गंमत सांगतो. 1797 च्या सुमारास कॉलिन कॅम्बेल नावाच्या वादकानं अशा दीडशेहून जास्त चाली लिहून ठेवल्या. रेघा नाहीत, सुरांच्या खुणा नाहीत, नुसती अक्षरं. पुढं त्याचा मुलगा जॉन यातली एक वही घेऊन एडिनबरोच्या स्पर्धेला गेला. परीक्षकांनी पानं उलटली. गेलिक, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातली भाषा म्हणावी, तर तीही नाही. कुठल्या तरी अगम्य भाषेतली हकिकत असावी, असं वाटलं त्यांना. हे संगीत आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही! शेवटी ग्लासगोचा मर्डोक मॅक्लीन पुढं झाला. हा बॅगपाइप बनवणारा कारागीर. त्यानं वही घेतली आणि तिच्यातल्या चाली सरळ वाजवून दाखवल्या. मग परीक्षक वही विकत मागू लागले, पण जॉन देईना.

बघा, ओळखलं कुणी? कारागिरानं. आपल्याकडे मिरजेच्या तंबोऱ्यावर गवई मैफल जिंकतो. तंबोरा बनवणाऱ्याला शाल-श्रीफळ मिळालेलं मी तरी फारसं पाहिलं नाही. असो.

कॉलिनच्या त्या वह्यांचे दोन खंड आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. तिसरा अजून सापडलेला नाही.

हां, तर चाल. बोल पाठ झाले की प्रॅक्टिस चँटर, म्हणजे सरावाची सुटी नळी घ्या. त्याला पिशवी नसते, आवाज कमी, शेजारीही सुखी. सूर मोजून नऊ. पण बॅगपाइपमध्ये हवा अखंड वाहते, दोन सुरांत थांबायची सोय नाही. तोच सूर दोनदा हवा असेल तर मध्ये बोटाचा निसटता कण टाकावा लागतो. हे कण संथ लयीत घोटा, आणि घोटतानाही बोल तोंडात असू द्या. आधी तोंडात, मग बोटांत. पिशवी सगळ्यात शेवटी. ती फुगवायची कशी, हे पुढच्या वेळी. आज गोष्टीनंच वेळ खाल्ला.

नमस्कार.