अकरा महिन्यांची खोली

(दृश्य : भोसरी, एमआयडीसीमागची गल्ली. पत्र्याच्या खोल्यांची रांग, दारात निळी पिंपं, भिंतीवर ओळीने सब-मीटर.)

दहा बाय दहाची खोली. वर पत्रा, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी. संडास बाहेर, सगळ्या रांगेत मिळून दोन. लातूर, बीड, धाराशिवकडून प्रेस शॉपमध्ये, फाउंड्रीत कामाला आलेलं कुटुंब आधी अशाच खोलीत उतरतं. म्हाडाची सोडत घर विकत घेणाऱ्यासाठी असते. भाड्याने राहणाऱ्याची गाठ थेट मालकाशी, आणि बोलणं बरंचसं तोंडीच.

(दृश्य : सब-मीटर जवळून. मालक वहीत आकडा उतरवून घेतो.)

हा मीटर महावितरणचा नाही, मालकाने बसवलेला आहे. मोठं बिल मालकाच्या नावावर येतं, खोलीला युनिटमागे दर तो लावेल तो. म्हणून राहायला आल्याच दिवशी आकडा नीट दिसेल असा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. सोबत नळ, पंखा, दाराची कडी आणि भिंतीवरची ओल यांचेही फोटो. खोली सोडताना ‘रंगकाम’ म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले जातात, तेव्हा ओल आपण यायच्या आधीपासूनची आहे हे दाखवायला दुसरं काही हाताशी नसतं.

(दृश्य : झेरॉक्सचं दुकान. पाचशेचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का उमटतो.)

गल्लीत करार होतो तो असा. पाचशेचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, मुदत अकरा महिने. अकराच का? १९०८ च्या नोंदणी कायद्याने वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली. ती टाळायला अकरा महिन्यांची रीत पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट ३१ मार्च २००० पासून बंद आहे. त्या दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी देणारा, करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदवलेला करारच नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. ही शेवटची तरतूद भाडेकरूंपैकी फार थोड्यांना माहीत आहे. ती या गल्लीत भिंतीभिंतीवर रंगवायला हवी.

(दृश्य : एजंटचं टेबल. लॅपटॉप, वेबकॅम, अंगठ्याचं यंत्र.)

नोंदणी आता ऑनलाइन होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधी मिळकत भरायची : जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर किंवा घर क्रमांक. मग मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार. मग मुदत, भाडं, डिपॉझिट. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते कशावर? मुदतीचं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. समजा भाडं ६,००० आणि डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचे ६६,००० होतात, व्याजाचे साडेचार हजारांच्या आसपास. त्याचा पाव टक्का दोनशेच्या आतच येतो. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. वर दस्त हाताळणीचे थोडे पैसे आणि एजंटची मजुरी. ‘नोंदणीला फार खर्च येतो’ असं मालक सांगतो, तेव्हा हा हिशेब त्याच्यासमोर मांडावा.

(दृश्य : कामगाराचा अंगठा यंत्रावर. लाल दिवा. पुन्हा. लाल दिवा.)

अडतं ते इथे. प्रेसवर, ग्राइंडिंगवर वर्षानुवर्षं हात चाललेल्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, कूलंटने कातडीही सोलवटलेली. आधारशी ठसा जुळत नाही. मग बोटं धुऊन कोरडी करायची, यंत्राची काच पुसायची, तर्जनी लावायची, डावा हात लावायचा. तरीही जुळलं नाही, तर दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, कार्यालयात जाऊन दस्त नोंदवावा लागतो. म्हणजे एक पाळी बुडाली. या कामगारांसाठी शनिवार-रविवारी वस्तीत फिरती नोंदणी सुरू करणं खात्याला अवघड नाही.

ठसे जुळले की दस्त दाखल होतो, दुय्यम निबंधक तो तपासतात, चूक असेल तर परत पाठवतात. मंजूर झाला की दस्त क्रमांक आणि सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, मिळते. एजंटने छापून दिलेला मसुदा म्हणजे नोंदवलेला करार नव्हे. सूची दोन हातात आली नसेल, तर नोंदणी झाली असं धरू नये.

(दृश्य : करारातला डिपॉझिटचा रकाना. बोट आकड्याखाली थांबतं.)

या रकान्यात सर्वांत मोठा घोळ होतो. रोख पन्नास घेतात, करारात दहा लिहितात. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार लेखी करारातला मजकूर हा निर्णायक पुरावा असतो. वरचे चाळीस हजार दिलेच नाहीत असं धरलं जाऊ शकतं. दुसरं, नोंदणी झाली म्हणजे समोरचा माणूस मालक आहे याची सरकारने खात्री करून घेतली, असं नव्हे. विजेचं बिल आणि मिळकतकराची पावती कुणाच्या नावावर आहे, हे आपणच बघायचं. हेवी डिपॉझिटवर भाडं न देता राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

(दृश्य : टेम्पोत सामान चढतं. गॅसची टाकी, गाद्या, शाळेचं दप्तर.)

मुदत संपली, खोली गेली, डिपॉझिट अडकलं.

(दृश्य : कायद्याचं पुस्तक, कलम २४ चं पान.)

मुदतीनंतर खोली सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर निकाल मालकाच्या बाजूने. जितके दिवस जास्त राहिलं तितक्या दिवसांचं शुल्क दुप्पट. मालकासाठी ही वाट सरळ आणि जलद आहे. डिपॉझिट बुडालेल्या भाडेकरूला अशी वाट नाही. त्याने वकील करून दावा लावायचा, चाळीस-पन्नास हजारांसाठी. शिवाय पाणी-वीज तोडण्याला मनाई करणारं कलम २९ ‘भाडेकरू’साठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा या कायद्याच्या व्याख्येत भाडेकरूच बसत नाही, काही जुने अपवाद सोडले तर. पगडीच्या चाळीतल्या कुटुंबाला जे संरक्षण आहे, ते पत्र्याच्या खोलीला नाही. हा अन्याय आहे, आणि तो दुरुस्त करणं विधिमंडळाच्या हातात आहे.

(दृश्य : मुंबई, विधानभवन, बाहेरून.)

२ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. तो राज्यांवर बंधनकारक नाही, राज्यांनी त्यावरून आपला कायदा करायचा. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं, आणि भाडेकरू खोलीचा ताबा परत देईल त्याच दिवशी ते परत करायचं. खोलीत यायचं तर मालकाने २४ तास आधी कळवायचं. पाणी-वीज तोडली तर भाडे प्राधिकाऱ्याकडे दाद. पण मुदतीनंतर राहिल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं, हेही त्याच मसुद्यात आहे. चौपटीचा बोजा सहा हजारांच्या खोलीत राहणाऱ्यावर टाकू नये. डिपॉझिटची मर्यादा घ्यावी, आणि कलम २४ खालच्या त्याच सक्षम प्राधिकाऱ्याला डिपॉझिट परतीचे अर्जही ऐकू द्यावेत. कार्यालय आहे, अधिकारी आहे, कार्यपद्धती आहे. कायद्यात कलम तेवढं वाढवायचं आहे.

तोवर डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने द्यावं, शेऱ्यात ‘डिपॉझिट’ आणि खोली क्रमांक लिहावा. खोली सोडताना किल्ली द्यायच्या आधी ताबा पावतीवर मालकाची सही घ्यावी. तारीख, मीटरचा आकडा आणि परत मिळायची रक्कम, तिन्ही त्याच कागदावर.